संगणकाचे कान कुठे असतात?

दोस्तांनो, युसूफ वडगावहून एक पत्र आलं आहे. युसूफ वडगाव म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. पत्र लिहिणारी मुलगी नववीत आहे. तिचं नाव मी इथे छापत नाही, कारण पत्रात तिने आपल्या दादाची भरपूर तक्रार केली आहे आणि तोही हा अंक वाचतो म्हणे! तर ती लिहिते :

"काका, आमच्या घरी दादाने वाय-फाय बसवलंय. मोबाईलवर नेट नुसतं पळायलंय. बाबांनी एका ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटर स्वस्तात आणला. तो चालू होतो, त्यावर टायपिंग होतं, चित्रं काढता येतात. पण त्याला नेट काही लागंना. राउटर उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं तरी दिसंना. दादा म्हणतो, तो म्हातारा झाला, बहिरा झाला. दिवाळीपर्यंत नेट लागलं नाही तर बाबा त्याला भंगारवाल्याला देणार आहेत. फॉर्म भरायचा म्हटलं की मला केजला जावं लागतं. काय करू?"

पत्र वाचून मला आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली. हसू यासाठी, की दादाचं निदान अर्धं बरोबर आहे! तो संगणक ऐकू शकत नाही हे खरंच. पण तो म्हातारपणी बहिरा झालेला नाही. त्याला मुळात कानच बसवलेले नाहीत. आणि काळजी यासाठी, की निव्वळ कान नाहीत म्हणून चांगला चालता संगणक भंगारात जायला निघाला आहे. दिवाळी काही फार लांब नाही, तेव्हा लगेच कामाला लागू या.

आता हे कान म्हणजे काय? वाय-फाय हा रेडिओच आहे बरं का! तुमच्या घरातलं राउटर म्हणजे एक छोटंसं रेडिओ केंद्र. मोबाईलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये कारखान्यातच एक छोटा रेडिओ आणि त्याची अँटेना बसवलेली असते. म्हणून ते घरात आले की लगेच राउटरशी बोलू लागतात. पण टेबलावर ठेवायचे जुने संगणक बहुतेक ऑफिसांसाठी बनवले जायचे. ऑफिसात भिंतीतून वायर आलेली असायची, ती मागच्या बाजूला खुपसली की झालं. मग रेडिओ कशाला हवा? बनवणाऱ्याने तेवढे पैसे वाचवले. म्हणून असल्या संगणकाच्या डोक्यावर तुम्ही राउटर काय, अंबाजोगाईचा दूरदर्शनचा मनोरा आणून ठेवलात, तरी त्याला काही ऐकू येणार नाही.

दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून आठवलं. तुमच्या आजोबांना विचारा, पूर्वी टीव्ही बघताना एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालच्याला ओरडून विचारायचा, "आता दिसतंय का?" खालून उत्तर यायचं, "मुंग्या आल्या!" तिथे मनोरा फक्त बोलायचा आणि टीव्ही फक्त ऐकायचा. वाय-फायचं तसं नाही. इथे संगणकाला उलट उत्तरही द्यावं लागतं. 'मला अमुक पान हवं' हे त्याने सांगितलंच नाही, तर राउटर ते आणणार कुठून? म्हणजे कान हवेत तसं तोंडही हवं. रेडिओच्या एकाच चिमुकल्या यंत्रात दोन्ही असतात.

या यंत्रातून निघणाऱ्या लहरी एका सेकंदाला साधारण २४० कोटी वेळा कंप पावतात. यालाच २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला २४० कोटींनी भागा, म्हणजे एका लहरीची लांबी मिळेल. करून बघा! उत्तर साडेबारा सेंटिमीटर येतं. तुमच्या कंपासमधली पंधरा सेंटिमीटरची पट्टी आहे ना, तिच्यापेक्षा जराशी आखूड. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

लहरी भिंतीतून जातात याचं आज आपल्याला काही वाटत नाही. पण १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी जेव्हा एका बाजूला लहरी निर्माण करून भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, तेव्हा बघणारे चकित झाले होते. मध्ये तार नाही, दोरी नाही, आणि घंटा वाजते! बोस यांनी तर काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवरही प्रयोग केले. आपल्या वाय-फायच्या लहरींपेक्षा त्या कितीतरी आखूड.

पुढे आपल्या देशात बिनतारी यंत्रं वापरण्यावर कायद्याची कडक नजर राहिली. १९३३ साली तसा कायदाच झाला होता. साधा रेडिओ ऐकायलासुद्धा एके काळी परवाना काढून टपाल कार्यालयात त्याचे पैसे भरावे लागत. मग तुमच्या दादाने राउटर बसवताना परवाना का काढला नाही? कारण २८ जानेवारी २००५ रोजी भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्यातून सूट दिली. घरोघरी वाय-फाय आलं ते यामुळे.

बरं, आता मूळ कामाकडे. पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा : राउटर उचलून संगणकाच्या डोक्यावर ठेवलं. अगं, राउटर जर इतक्या जवळ येऊ शकतं, तर रेडिओ हवाच कशाला? संगणकाच्या मागे एक चौकोनी भोक दिसेल, टेलिफोनच्या वायरीच्या भोकासारखं, पण त्याहून रुंद. तसंच भोक राउटरच्याही मागे असतं, बहुधा दोन-चार असतात. या दोन भोकांना जोडणारी लॅनची वायर मिळते. पुष्कळदा राउटरच्या खोक्यातच तिचा छोटा तुकडा येतो आणि आपण तो माळ्यावर टाकून देतो. ती वायर दोन्हीकडे 'टक्' आवाज येईपर्यंत खुपसली की बहुतेक वेळा काही न करता नेट सुरू होतं. पासवर्डसुद्धा विचारत नाही. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे ओसरीपासून परसापर्यंत कुठेही.

माझं मत विचाराल तर टेबलावरच्या संगणकाला वायरच शोभते. तो थोडाच खिशात घालून हिंडायचा आहे? पण घरोघरच्या तऱ्हा वेगळ्या. कुठे राउटर दादाच्या खोलीत असतं आणि दादा तिथे वायर ओढू देत नाही. कुठे वायर अंगणातून न्यावी लागते आणि ती उंदीर कुरतडतात. अशांनी पुढे वाचावं.

एक युक्ती अशी आहे, की तिला पैसाही लागत नाही. मोबाईल चार्जिंगच्या वायरीने संगणकाला जोडा. वायर मात्र चांगली हवी. काही स्वस्त वायरींतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या जवळपास 'यूएसबी टेदरिंग' असं लिहिलेलं असेल, ते चालू करा. झालं! आता मोबाईल संगणकाचे कान बनला. मोबाईल घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट संगणकाला देतात, सिमकार्डावरचा डेटा खर्च होत नाही. पण ही झाली रोजच्या वापरातली उसनवारी. आईला फोन आला की संगणकाचे कान गेले!

म्हणून कायमचा उपाय म्हणजे डोंगल. अंगठ्याएवढी, काही शे रुपयांना मिळणारी वस्तू. संगणकाच्या यूएसबीच्या भोकात खुपसायची. हेच ते कान आणि हेच ते तोंड. विकत घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. आपल्या संगणकात जी विंडोज आहे तिच्यावर ते चालतं का, आणि ते फक्त २.४ वर चालतं की ५ गिगाहर्ट्झवरही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी आणखी आखूड. त्यांच्यावर नेट जोरात पळतं, पण भिंत आडवी आली की त्या लवकर थकतात. मातीच्या जाडजूड भिंतींच्या जुन्या घरात २.४ वालंच बरं.

आता एक गमतीदार घोटाळा सांगतो. डोंगल लावलं, तरी संगणक कधी कधी त्याला ओळखतच नाही. नव्या पाहुण्याची भाषा कळावी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर मिळतो कुठे? इंटरनेटवर! म्हणजे नेट लावायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं. विहिरीत पडलेली बादली काढायला दुसरी बादली सोडावी, तसली तऱ्हा. पण घाबरू नका, दुसरी बादली आपल्याकडे आहे. मघाची मोबाईलची उसनवारी इथे कामाला येते. मोबाईल वायरीने जोडा, तेवढ्यापुरतं नेट घ्या, डोंगलच्या कंपनीच्या पानावरून ड्रायव्हर उतरवून घ्या, मोबाईल आईला परत द्या. ड्रायव्हर कुठल्याही भलत्या पानावरून उतरवू नका मात्र. फुकट ड्रायव्हर वाटणाऱ्या कित्येक पानांवर ड्रायव्हरसोबत नको त्या गोष्टीही घरात शिरतात.

एवढं करून खाली कोपऱ्यात वाय-फायची निशाणी उमटली, नावांची यादी दिसली, आपल्या घरचं नाव निवडून पासवर्ड घातला, 'जोडले गेले' असंही आलं. आणि तरी एकही पान उघडत नाही! प्रत्येक पानावर लाल इशारा : हे सुरक्षित नाही. इथेच पुष्कळ जण हात टेकतात आणि संगणक खरोखर भंगारात जातो.

अशा वेळी आधी घड्याळ बघा. भिंतीवरचं नव्हे, संगणकाच्या कोपऱ्यातलं. तिथे २००९ साल दिसलं, तर चोर सापडला! संगणकाच्या पोटात मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. लाईट गेलेली असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. बरीच वर्षं झाली की तो संपतो आणि दर वेळी संगणक चालू केला की घड्याळ मागच्या कुठल्या तरी साली जाऊन बसतं. आता गंमत बघा. इंटरनेटवरची पानं आपली ओळख पटवायला एक दाखला दाखवतात. त्या दाखल्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आजचा दाखला २००९ सालात बसलेल्या संगणकाला दाखवला, तर तो म्हणणारच, हा दाखला अजून सुरूच झालेला नाही, खोटा दिसतो! तारीख दुरुस्त करा, पानं उघडू लागतील. मग सेलवरचा सीआर २०३२ हा क्रमांक सांगून घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणा. बदलताना संगणकाची वायर भिंतीतून काढायची आणि एखाद्या मोठ्या माणसाला जवळ घ्यायचं. जुना सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर फार मोठी इजा होते.

आता कान कुठे लावायचे? डोंगल सहसा मागच्या भोकात खुपसतात, कारण ते तिथे दिसत नाही. पण तीच सर्वांत वाईट जागा. संगणकाचा डबा पत्र्याचा असतो आणि पत्र्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. हा डबा पत्र्याचा करतात त्याला कारण आहे. संगणकाच्या आतले भाग स्वतःच रेडिओचा कलकलाट करत असतात, तो बाहेर पसरू नये म्हणून. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या ऐकतात. असल्या केंद्रांत संगणकांचीच भीती असते, म्हणून ते धातूने मढवलेल्या खोल्यांत ठेवावे लागतात. आपल्या घरातला पत्र्याचा डबा हेच काम लहान प्रमाणात करतो. पण कान त्या डब्याच्या पाठीमागे, भिंतीच्या आणि पत्र्याच्या सांदीत दाबून ठेवले, तर त्यांना ऐकू कसं येणार? शिवाय यूएसबीची निळ्या रंगाची भोकं असतात ना, तिथलं काम चालू असताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट होतो. म्हणून यूएसबीची एक-दीड मीटरची जोडवायर आणा, तिच्या टोकाला डोंगल लावा आणि ते टेबलाच्या वर, मोकळ्यावर टांगा. एवढ्या एका वायरीने कित्येकांचं रखडलेलं नेट पळू लागतं.

पत्र्याच्या घरात आणखी एक मजा. विहिरीत तोंड घालून ओरडलं की आपलाच आवाज चार वेळा परत येतो. पत्र्याच्या छपराखाली आणि धान्याच्या कोठ्यांमध्ये लहरींचं तसंच होतं. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावर आपटून आलेली लहर एकमेकींत मिसळतात. कुठे दोघींची बेरीज होते, कुठे वजाबाकी. वजाबाकीच्या जागी डोंगल असेल तर राउटर समोर असूनही नेट रडतं. अशा वेळी डोंगल फक्त तीन सेंटिमीटर सरकवून बघा. तीनच का? मघाचा आकडा आठवा. साडेबाराचा चौथा हिस्सा.

या प्रतिध्वनींचा वाय-फाय बनवणाऱ्यांनाही फार त्रास झाला होता. त्यावरचा एक उत्तम तोडगा काढला तो ऑस्ट्रेलियाच्या जॉन ओसलिव्हन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हे ओसलिव्हन मुळात खोडदच्या लोकांसारखेच, आकाशातले रेडिओ ऐकणारे. सत्तरच्या दशकात ते स्फोट होणारी छोटी कृष्णविवरं शोधत होते. ती काही सापडली नाहीत! पण विस्कटलेल्या लहरी पुन्हा नीट करण्याचं जे गणित हाताशी आलं होतं, ते पुढे घरातल्या प्रतिध्वनींवर लागू पडलं. एकच निरोप भरभर ओरडण्याऐवजी त्याचे तुकडे करून अनेक सुरांत एकाच वेळी सावकाश सांगायचे, अशी ती युक्ती. १९९६ साली त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटावर नको आणि पाण्याच्या टाकीमागे तर नकोच. पाणी या लहरी पिऊन टाकतं. आणि घरातले चार फोन एकदम नेट ओढू लागले की संगणक हळू होतो, त्याला डोंगलचा दोष समजू नका. सगळे एकाच हवेत बोलतात, त्यामुळे पाळीपाळीने बोलावं लागतं. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलायचं, ही पद्धत १९७१ साली हवाई बेटांवरच्या संगणकांना नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने शिकवली. वाय-फायची यंत्रं त्याच्या पुढची पायरी गाठतात, म्हणजे बोलायच्या आधी कानोसा घेतात. शाळेत आपल्याला हे जमेल का, हा प्रश्न मी विचारत नाही!

"मोबाईल आहे की, मग कॉम्प्युटर कशाला?" असं दादा म्हणतो, असंही पत्रात आहे. दादाच्या बाजूनेही एक पुरावा देतो. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या आसपासच्या सत्तर गावांत १९९८ साली संगणक बसवले गेले, ऊसवाल्या शेतकऱ्यांना गावातच वजनाची आणि पैशांची माहिती मिळावी म्हणून. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यांतल्या काही गावांत प्रयोग झाला : संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. तो चांगला चालला! उसाचं वजन कळायला एक छोटा निरोप पुरतो, त्याला टेबलभर यंत्र लागत नाही. पण बारा पानांचा प्रकल्प टाईप करणं, नकाशा काढणं, प्रोग्रॅम लिहिणं हे बोटभर पडद्यावर करून बघा म्हणावं दादाला.

एक गोष्ट मात्र दादाला विचारूनच करायची. आजवर हा संगणक एकटा होता, आता तो जगाला जोडला जाणार. विंडोज ७ ची दुरुस्ती कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली आणि विंडोज १० ची नेहमीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे त्यांत नवं भोक सापडलं तर ते आपोआप बुजवलं जाईल असं नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. जुन्या यंत्रावर लिनक्स ही फुकट प्रणाली छान चालते आणि पुष्कळ डोंगल तिच्यात वेगळा ड्रायव्हर न घालताच ओळखली जातात. शाळेतल्या संगणकाच्या सरांना विचारा. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतोच. तो १२३४५६७८ ठेवू नका, आणि मोटारसायकलचा नंबर तर अजिबात नको. तो सगळ्या गल्लीला पाठ असतो! राउटरची सुरक्षा 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' वर आहे ना, हेही दादाकडून बघून घ्या.

या आठवड्याचा प्रयोग. पिठाचा रिकामा स्टीलचा डबा घ्या. वाय-फाय चालू असलेल्या मोबाईलवर एक गाणं लावा, आत ठेवा आणि झाकण घट्ट लावा. थोड्या वेळाने गाणं अडकतं का बघा. मग झाकण बोटभर उघडं ठेवून पुन्हा बघा. आणि घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत मोबाईलवर वाय-फायच्या किती रेघा दिसतात ते त्यावर लिहा. कोठ्या, कपाटं, टाक्या कुठे आहेत तेही दाखवा. नकाशे जरूर पाठवा, पत्ता नेहमीचाच. युसूफ वडगावचा नकाशा मला दिवाळीच्या आत हवा आहे!